जादूगार, किल्ला आणि देवबागची मासे-थाळी

विषय : कादंबरीतील जादूगारांना किल्ल्यात कोंडून ठेवणे ही गुलामी ठरते किंवा कसे.

संदर्भ : देवबाग येथील आमच्या वाचक मंडळाच्या, निर्णयाविना उठलेल्या सर्व बैठका.

मंडळ पुस्तकं वाचण्यासाठी काढलं. पुस्तकं वाचून होत नाहीत, किस्से मात्र साचत जातात. मी कचेरीत कारकून होतो, म्हणून इतिवृत्त लिहिणं माझ्या गळ्यात. बैठक आबांच्या होमस्टेच्या पडवीत भरते, कारण तिथे त्यांची सून सुमती चहाबरोबर काहीतरी तळून देते. आबांचा मुलगा मुंबईत नोकरीला. होमस्टे सुमतीच्या हातावर चालतो. मे महिन्यात आरोंद्याला तिच्या धाकट्या भावाचं लग्न, आणि मे म्हणजे सीझन. तिला सोडणार की नाही, असं विचारलं की आबा हवामानाचं बोलतात.

कादंबरीतला राजा सगळ्या जादूगारांना समुद्रातल्या किल्ल्यात पहारा बसवून ठेवतो. पाऊस हवा झाला की बाहेर काढतो, पडला की परत आत. आम्ही सभासद निम्म्यापुढे गेलेलो नाही. सुमतीने पूर्ण वाचली. ती सभासद नाही.

*

पहिल्याच बैठकीत आबा म्हणाले, "खंयची गुलामी? दोन वेळचा जेवण मेळता, रवाक आख्खो किल्लो आसा."

निवृत्त मास्तरांना व्याख्येशिवाय चहा जात नाही. ते म्हणाले, "विकत घेतलेला, तो गुलाम."

सुमती कप ठेवत होती. "आणि फुकट मेळलेलो?"

मास्तरांनी चहा बशीत ओतला. आबा म्हणाले, "चायत साखर कमी आसा."

*

बाबल होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो. त्याने सुरक्षिततेचा मुद्दा काढला. "पावसाळ्यात आमी होडी वर ओढून बांधतंव. ती होडयेच्याच भल्यासाठी मां?"

"खरा आसा, भावजी," सुमती आतून म्हणाली. "दर्या शांत झालो काय परत सोडतास मां?"

बाबलला एकाएकी कुणाचं तरी इंजिन आठवलं. तो गेला.

*

जेवून उठलेला प्रत्येक पाहुणा म्हणतो, "ताई, तुमच्या हातात जादू आहे." आबांनी ते मनावर घेतलं आणि रस्त्यावर पाटी लावली : 'सुमतीच्या हातची जादू'. खाली मासे-थाळी लिहायचं होतं, पण पेंटरने तिथे नारळाचं झाड काढलं.

पुण्याचं एक कुटुंब आलं. त्यांनी विचारलं, "जादूचा शो किती वाजता?" आबा कमी ऐकतात. म्हणाले, "जेवणानंतर."

जेवण झालं. मंडळी हात धुऊन रांगेत बसली. सुमती ताटं उचलायला बाहेर आली, तशी त्यांच्यातली छोटी मुलगी म्हणाली, "मावशी, गायब होऊन दाखवा ना."

सुमती म्हणाली, "मे महिन्यात दाखवते हं."

आबांना हे मात्र नीट ऐकू आलं.

*

शेवटी मतदान घ्यायचं ठरलं. आबांचा ठराव : जादूगार हे गुलाम नसून घरचीच माणसं आहेत. मास्तरांनी हातातल्या तळलेल्या बांगड्यासकट अनुमोदन दिलं. मी विचारलं, घरच्या माणसांवर पहारा कशाला? आबा म्हणाले, "ह्या लिवू नकात."

स्वयंपाकघराच्या दारातून पिठाचा हात वर आला.

"ती सभासद नाय," मास्तर म्हणाले.

"मगे मी उठान गेलंय तर मंडळाचा काय अडाचा नाय मां?"

यावर मास्तर म्हणाले, "जातंस तर जा, पण तेवढे बांगडे तळून जा."

ठराव मंजूर. इतिवृत्तात तसं लिहिताना पेन दोनदा अडलं, पण कारकुनाचं पेन अडलं म्हणून कुणाचं काही थांबत नाही.

*

परवाच्या बैठकीत चहाबरोबर सुमतीने आबांपुढे एक कागद ठेवला. वर लिहिलं होतं : 'मा. राजेसाहेब, समुद्रकिल्ला, देवबाग यांस. विषय : भावाच्या लग्नासाठी आरोंदा येथे आठ दिवस जाण्याबाबत.'

आबांनी तो चष्मा लावून वाचला, चष्मा पुसून परत वाचला आणि माझ्याकडे सरकवला. "तुमी सरकारी माणूस. ह्येच्यार काय लिवतत?"

"मंजूर, असं लिहितात."

"दुसरा काय?"

"विचाराधीन."

"ता लिवा."

मी पेन खिशातून काढलं नाही. आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग सुमतीकडे. "गो, त्या पुस्तकात शेवटाक काय जाता?"

"काय नाय. जादूगार जादू विसरतत."

त्या दिवशी आम्ही जेवायलाच थांबलो होतो. सोलकढी अळणी होती. आमटीही अळणी होती. बाहेरच्या टेबलावरचे पाहुणे एकमेकांकडे बघत होते. आबांनी मीठ मागितलं नाही. आम्हीही नाही.

लग्न येत्या रविवारी आहे. अर्ज प्रलंबित आहे.