गुणाच्या खोलीतलं चित्र

नाईट ड्यूटीचा चार्ज देऊन मी हात धूत होते, तेवढ्यात लातूरहून काकूंचा फोन आला. काकू म्हणजे माझी मुलगी राहते त्या खोलीच्या मालकीण. खाली त्यांचं किराणा दुकान, वर मुलींना भाड्यानं दिलेल्या खोल्या.

"सिस्टर, एकदा येऊन जा. पोरीनं भिंतीला मुडदे लावलेत."

मला वाटलं, शरीररचनेचा तक्ता असेल. तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "तक्ता मला कळतो. इतक्या पोरी राहून गेल्या. हे मुडदेच हायत, वढत न्यायलेत त्यांना. अन् आणखी एक, पोरगी अभ्यासिकेला जाईना झालीय."

मुडद्यांचं मला काही वाटलं नाही, माझा रोजचाच संबंध. पण अभ्यासिकेचं ऐकून घरी न जाता तशीच नांदेडच्या स्टँडवर गेले आणि लातूरची गाडी पकडली. लोह्याच्या आधीच झोप लागली. अहमदपूरला कंडक्टरनं उठवलं, चहा घेता का म्हणून. नको म्हटलं आणि परत झोपले.

मुलगी दहावीनंतर याच खोलीत राहून मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होती. इथं नंबर लागला नाही. मग त्या गल्लीतल्या बऱ्याच मुलांसारखं तिलाही फिलिपाइन्सला पाठवलं. तिथून डिग्री घेऊन आली. पण परदेशात शिकलेल्यांना इथं डॉक्टरकी करायची तर आणखी एक परीक्षा असते. ती दोनदा हुकली होती. आता तिसऱ्या खेपेला महिना राहिला होता. ती पास झाली नाही तर हातातली डिग्री नुसती भिंतीला लावायची.

नांदेडच्या घरी राहिली असती तर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकानं विचारलं असतं, काय झालं गं परीक्षेचं. तिच्या पप्पांचा धर्माबादला मिरचीचा व्यापार, ते आठवड्यातून दोन दिवस घरी. तेही तेच विचारायचे. म्हणून मी तिला पुन्हा याच खोलीत ठेवलं. खोलीला गुण आहे असं सगळे म्हणतात.

लातूरच्या त्या गल्ल्यांत खोली अशीच बघतात. वारा येतो का, पाणी येतं का, हे नंतर. आधी विचारतात, इथं पूर्वी कोण होती, तिला किती मार्क पडले. जिचा नंबर लागतो ती जाताना आपली एखादी वस्तू खोलीत सोडून जाते आणि पुढची मुलगी ती वापरते. हिच्या खोलीत अशा रीतीनं जमलेलं टेबल, भिंतीवरचं घड्याळ, प्लास्टिकचा गणपती आणि एक बादली होती. काकू नव्या पालकांना बादलीसुद्धा दाखवतात, हिची मालकीण आता औरंगाबादला डॉक्टर आहे म्हणून. माझ्या मुलीला त्या हिशेबात अर्धी धरत होत्या.

मी पोचले तेव्हा काकू खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. आत यायला तयार नव्हत्या. मुलगी पलंगावर पाय दुमडून बसलेली. गणपतीच्या बरोबर समोरच्या भिंतीला ते चित्र, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावून.

खरं चित्र तिकडं मनिलाच्या संग्रहालयात आहे. अख्ख्या भिंतीएवढं मोठं, मुलगी म्हणाली. हा कागद तिथल्या दुकानातला. जुन्या रोममध्ये लोकांच्या करमणुकीसाठी माणसं एकमेकांना मारायला लावायचे. मेलेल्यांना मैदानाखालच्या खोलीत ओढून आणायचे आणि अंगावरचं काढून घ्यायचे. ती खोली त्या चित्रात आहे. मधोमध दोघांना फरफटत आणतायत. डावीकडं माना उंचावून बघणारी गर्दी. आपल्या कॅज्युअल्टीच्या दारात असते तशीच. मागं एक म्हातारा आपलं माणूस शोधतोय. उजवीकडं अंधारात एक बाई जमिनीवर पडलीय, आपल्याकडं पाठ करून.

माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की असं ओढत नाहीत. चादरीवर घ्यावं, दोघांनी दोन टोकं धरावीत. आणि त्या बाईला कुणीतरी उठवून बाकावर बसवायला पाहिजे होतं.

"महाभारताचं चित्रसुद्धा आपण घरात लावत न्हाई," काकू बाहेरून म्हणाल्या. "घरात भांडणं लागतात. अन् इथं तर देवापुढं मढी. कुणी काढलंय म्हणायचं हे?"

"तिकडचाच एक चित्रकार होता, काकू," मुलगी म्हणाली. "लई जुना. आधी जहाजावरचं काम शिकला होता."

"मग जहाजावरच ऱ्हायचं की."

"पुढं बायकोला आणि सासूला गोळ्या घालून मारलं त्यानं."

काकू माझ्याकडं बघत म्हणाल्या, "ऐका. अन् त्याचं चित्र माझ्या भिंतीवर."

टेबलावर त्याच चित्रकाराची आणखी काही कार्डं पडली होती. एकात दोन राज्यांची माणसं तह करताना एकमेकांचं रक्त घातलेला पेला उचलतायत. एकात हॉटेलातल्या सोफ्यावर बसलेली टोपीवाली बाई. आणि एकात दोन बाया पायऱ्या चढतायत, दोघी पाठमोऱ्या. एकीचा झगा लाल. तिनं दुसरीच्या कमरेला हात घातलाय आणि दुसऱ्या हातानं वर, उजेडाकडं दाखवतेय.

ते कार्ड दारातूनच काकूंच्या नजरेला पडलं. "हे लाव की गं बाई. कसं गुणाचं हाय बघ. आई लेकीला जिना चढवायलीय."

मुलगी हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा.

"आई नाही ती, काकू. लाल झग्यातली म्हणजे स्पेन देश. दुसरी फिलिपाइन्स. तिकडं स्पेनचं राज्य होतं. ती म्हणतेय, चल, तुला वर नेते."

"वर काय हाय?"

"उजेड. प्रगती."

"मग चांगलंच की."

"पण तिला विचारलं होतं का कुणी, यायचंय का म्हणून?"

"आपल्याला निजामानं विचारलं होतं का?" असं म्हणून काकू चहा टाकायला खाली गेल्या.

आम्ही दोघीच राहिलो. ती कार्डाकडं बघत होती, मी भिंतीकडं. तिचा तो प्रश्न काकूंना नव्हता, मला होता, हे कळलं होतं. पण आमच्यात असलं बोलायची सवय नाही.

"हेच का लावलंस?" मी विचारलं.

"पहिल्या वर्षी सुट्टीत बघायला गेले होते. सगळे समोर उभे राहून फोटो काढत होते. मी त्या बाईच्या बाजूला जाऊन खाली बसले. पाय दुखत होते, घरची आठवण येत होती. कितीतरी वेळ बसले. कुणी ऊठ म्हटलं नाही मला."

मी पलंगाच्या कडेवर बसले. मग कामाचं विचारलं. "परीक्षा द्यायची आहे का नाही?"

"माहीत नाही."

"नको असेल तर आजच सामान भरू. रिक्षा बोलावते. पप्पांना काय सांगायचं ते मी बघते."

तिनं मान वर केली. "खरंच म्हणतेयस? का मला बरं वाटावं म्हणून?"

"मी रात्रभर उभी होते. खोटं बोलायला अंगात जोर लागतो, तेवढा आत्ता नाही."

हे खरंच होतं. पलंगाच्या कडेवर बसल्या बसल्या माझे डोळे मिटत होते. ती उठली, खिडकीशी गेली, परत आली. बादली उचलली आणि होती त्याच कोपऱ्यात परत ठेवली.

"देते मी परीक्षा," ती म्हणाली. "पण तू सुट्टीच्या दिवशी डबा घेऊन यायचं नाही. पहाटे उठवायला फोन करायचा नाही. मी कधी गेले, कधी आले, हे काकूंना विचारायचं नाही. आणि हुकली, तर पुढं काय करायचं तेही मीच ठरवीन."

"बरं."

"नुसतं बरं?"

"आणखी काय म्हणू? झोपू दे मला जरा."

मी झोपले. उठले तेव्हा चहा गार झाला होता आणि भिंत मोकळी होती. मी झोपलेली असताना दोघींनी तोड काढली होती. चित्र दाराच्या आतल्या बाजूला गेलं होतं. दिवसा दार भिंतीला टेकून उघडं असतं, तेव्हा ते झाकलं जातं, देवाला दिसत नाही आणि काकूंनाही. दार लावून अभ्यासाला बसली की तिला दिसतं. काकू म्हणाल्या, "दाराचं काय, ते बाहेरच्यातच धरायचं."

निघताना तिनं दोन बायांचं कार्ड माझ्या पिशवीत टाकलं. परतीच्या गाडीत काढून पाहिलं. लाल झग्यातलीचंही तोंड दिसत नाही. हात ठामपणे वर केलाय, पण वर नक्की काय आहे हे तिला तरी कितपत ठाऊक असेल, कोण जाणे. कार्ड परत पिशवीत, डब्याखाली ठेवलं.

त्यानंतरचा महिना मला जड गेला. सुट्टीच्या दिवशी सवयीनं जास्तीची भाकरी थापायची आणि मग ती आपणच खायची. फोन हातात घेऊन ठेवून द्यायचा. परीक्षेच्या दिवशी ती एकटी गेली. माझी सकाळची ड्यूटी होती. संध्याकाळी मेसेज आला, 'झाला पेपर. जेवले.' मीही लिहिलं, 'बरं.'

निकाल अजून लागलेला नाही. काल काकूंचा फोन आला. मी म्हटलं, काय झालं आता?

"काही न्हाई. एक विचारायचं होतं. पोरगी पास झाली, तर रिवाजापरमाणं ती काहीतरी सोडून जाणार की. ते मुडद्याचंच सोडून जाईल का हो? म्हणजे पुढच्या पालकांना मी काय सांगू?"

"तिलाच विचारा," मी म्हटलं.