मार्सेलचा भाचा

आमच्या ऑफिसात जुन्या फायलींची खोली सांभाळणारे चाचा कोमोरोसचे. आफ्रिकेच्या बाजूची ही बेटं नकाशात मुंगीएवढी. मला आधी सापडलीच नव्हती. रियाधमध्ये वर्षानुवर्षं भारतीयांबरोबर राहून चाचा फर्डं हिंदी बोलतात. पण त्यांच्या देशाचा फुटबॉल संघ इथल्याच अल मलाझच्या स्टेडियमवर सराव सामना खेळायला येणार हे कळल्यापासून त्यांची बोलतीच बंद झाली.

संघात त्यांचा भाचा होता. बहीण लग्न होऊन फ्रान्सला, मार्सेलला गेली. मुलगा तिथेच जन्मला, तिथेच वाढला. आता बहीणही राहिली नाही. त्यानं ना बेट पाहिलं होतं, ना मामा.

"मॅडम, दूर से कोई घर आए तो हम मोगरे का हार डालते हैं," चाचा एकदा म्हणाले. "हार पड़ने तक आँखें बंद रखने की. मेरी माँ का तरीका था. पर ये लड़का तो मुझे पहचानेगा भी नहीं."

हार माझ्याकडे लागला, मी म्हटलं. मोठ्या तोऱ्यात बत्हा बाजारातल्या केरळी दुकानात गेले आणि मोगरा दिसताच सवयीनं चार गजरे बांधून घेऊन आले. सामन्याच्या दिवशी गाडीत चाचांनी पुडी उघडली. वीत-वीतभर गजरे! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागच्या सीटवर माझी तेरा वर्षांची लेक होती. ही बाई घरात इंग्रजी झाडते, आणि गावी उंबऱ्यात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळायला लागलं की "ममा, सो एम्बॅरसिंग" म्हणत अंग चोरते. तिनं आपल्या हुडीची दोरी ओढून काढली आणि चारही गजरे ओळीनं त्यावर बांधले. हार झाला. चाचा कितीतरी वेळाने हसले.

मैदानात कोमोरोसचे अकरा जण रांगेत उभे राहिले. त्यातले बहुतेक भाच्यासारखेच, परक्या मुलखात जन्मलेले. पण राष्ट्रगीत सुरू झालं आणि ती पोरं मानेच्या शिरा ताणून गायला लागली. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. एवढीशी बेटं, आणि त्यांची हाक इतक्या लांब पोचते तरी कशी? मी थक्क होऊन बघत राहिले.

सामना ते हरले. भाचा शेवटची वीसेक मिनिटं खेळला. चाचांना तेवढंही बघवेना. ते हार मांडीवर धरून खाली मान घालून बसले होते.

नंतर खेळाडू आपल्या माणसांना भेटायला कठड्यापाशी आले. चाचांनी हार उंच धरला तोवर भाचा पुढे निघून गेला होता. मग त्यानं मागे वळून पाहिलं. चाचांकडे नाही, हाराकडे. तो परत आला, कठड्याला टेकला, मान खाली केली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

चाचा हमसाहमशी रडले. हार घालायला त्यांना दोनदा हात उचलावे लागले. मीही रडले, उगाच कशाला लपवू!

परतताना लेक मागच्या सीटवरून पुढे झुकली.

"ममा, गावी ते भाकरीवालं करतात ना, तेव्हा आईज क्लोज करायचे का?"

"उघडे ठेव," मी म्हटलं. "कोण ओवाळतंय ते बघ."