गच्चीवरच्या दोऱ्या

समोरच्या फ्लॅटमधली बाई आणि मी एकमेकींशी बोलत नाही. जिन्यात गाठ पडली तर ती मोबाइलमध्ये डोकं घालते आणि मी भिंतीकडे बघते. लोक म्हणतात, कपडे वाळत घालण्यावरून एवढं कशाला? त्यांना मी उत्तर देत नाही. ज्यांचे धुतलेले कपडे कुणी ओढून काढून मीटर रूममध्ये फेकले नाहीत, त्यांना काय सांगायचं?

भिसेगावात आम्ही ही जागा घेतली ती गच्ची बघून. बाकी बघण्यासारखं काही नव्हतंच. पहिला मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघरात भर दुपारीही दिवा लावावा लागतो. पण वर गच्चीत दिवसभर ऊन आणि कठड्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत बांधलेल्या दोऱ्या. माझा नवरा साजगावच्या कारखान्यात कामाला. त्याच्या युनिफॉर्मचं कापड जाडजूड. घरात पंख्याखाली टाकला तर दुसऱ्या दिवशीही दमट लागतो, कुबट वास येतो, आणि पंखा उगाच फिरत राहतो. गच्चीत दुपारपर्यंत कडकडीत वाळायचा. समोरचीही तिथेच यायची. माझे चिमटे संपले की मी तिचे घ्यायचे, तिचे संपले की ती माझे. कुणाचे कुणाकडे गेले याचा हिशोब आम्ही कधी ठेवला नाही.

मग तिचा नवरा सोसायटीचा चेअरमन झाला. वरच्या मजल्यांवरचे फ्लॅट शनिवारी येऊन रविवारी जाणाऱ्यांचे. त्यांना संध्याकाळी डोंगर बघत बसायला जागा हवी होती. चेअरमनने सगळ्या गच्चीवर प्लास्टिकची हिरवळ अंथरली, पांढऱ्या खुर्च्या मांडल्या, दिव्यांच्या माळा सोडल्या. दोऱ्या सोडवल्यासुद्धा नाहीत, सरळ कापल्या. दाराला कुलूप घातलं. पाठोपाठ ग्रुपवर मेसेज आला की रस्त्याकडच्या गॅलरीत कपडे घालू नयेत, इमारतीची शोभा जाते, रहिवाशांनी ड्रायरचा विचार करावा. आणि त्याच सुमारास लिफ्टशेजारी चकचकीत बोर्ड लागला : वीज वाचवा, वसुंधरा वाचवा. खाली एका हिरव्या पानाचं चित्र.

मीटिंगमध्ये मी उभी राहिले. म्हटलं, "वर ऊन पडतंय ते पडतंयच. त्याला कुलूप कशाला घातलंत?"

"वहिनी, आपण आता खेड्यात राहत नाही," चेअरमन म्हणाला. "चांगल्या सोसायटीत बनियन-परकर लटकलेले दिसत नाहीत."

लोक हसले. शनिवारवाल्यांपैकी एक जण खास मीटिंगसाठी आला होता. तो म्हणाला, "ड्रायर काही फार महाग नसतो हो."

"मी किमतीचं बोलतच नाहीये. उन्हात जे काम आपोआप होतं, त्याला वीज का जाळायची? एक तर गच्ची उघडा, नाहीतर खालचा तो बोर्ड काढा."

"बोर्ड वेगळ्या कारणासाठी आहे. विनाकारण दिवे-पंखे चालू राहू नयेत म्हणून."

"मग गच्चीवरच्या माळा कुणासाठी जळतात? आज मंगळवार. वर कोण बसलंय?"

मी समोरचीकडे बघितलं. ती बांगड्या मागेपुढे करत बसली होती. मी सगळ्यांदेखत तिला म्हटलं, "तू तरी बोल ना गं."

ती म्हणाली, "मला काय विचारतेस? आम्ही ड्रायर घेतला."

त्या क्षणी ती माझ्या मनातून उतरली.

मी कपडे गॅलरीतच घालायला लागले. कठड्याच्या बाहेरच्या बाजूला दोरी बांधली आणि मुद्दाम सगळ्यांत डागाळलेला युनिफॉर्म पुढे, रस्त्यावरून दिसेल असा घालायचे. मेसेज येत राहिले. मी ते वाचून तसेच ठेवले. एके दिवशी बाजारातून परतले तर दोरी रिकामी. पहिला मजला असल्याने खालून काठीने ओढून कपडे काढले होते. वॉचमनला गाठलं.

"सायबांनी सांगितलं, काडून टाक," तो म्हणाला. "मी काय करू ताई? माझी नोकरी हाय."

कपडे मीटर रूमच्या धुळीत पडले होते. युनिफॉर्मच्या पाठीवर बुटाचा ठसा. मी तो ढीग उचलला आणि समोरची बेल दाबली. दार चेअरमननेच उघडलं.

"हे तुम्ही करायला लावलंत?"

"नियम सगळ्यांना सारखा, वहिनी."

"बुटाचा ठसाही नियमातच बसतो का?"

आतून ड्रायरची घरघर ऐकू येत होती. बाहेर अनवाणी उभं राहवणार नाही असं ऊन, आणि ही माणसं घरात बसून विजेवर कपडे भाजत होती. ती सोफ्याजवळ उभी होती. तिला सगळं दिसत होतं. मी युनिफॉर्म त्यांच्या पायपुसण्यावर टाकला आणि म्हटलं, "एवढी हौस आहे तर हाही घाला तुमच्या मशीनमध्ये." त्याने तो पायाने बाहेर सारला आणि दार लावून घेतलं.

नवरा कामावरून आल्यावर म्हणाला, "जाऊ दे गं. रोज तोंड बघायचंय त्यांचं." मी त्याच्याशीही भांडले. त्याच्या कपड्यांवर पाय पडला होता आणि राग मात्र मलाच यावा, हे मला सहन झालं नाही.

पावसाळ्यात जे व्हायचं ते झालं. हिरवळीखाली पाणी तुंबलं, पाइपांच्या तोंडाशी गाळ बसला, आणि सगळ्यांत वरच्या एका फ्लॅटचं छत गळायला लागलं. फ्लॅट शनिवारवाल्याचा, मीटिंगमध्ये ड्रायरची किंमत सांगणाऱ्याचाच. त्याच्या पलंगावर पाणी पडलं म्हणे. ऐकून मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी घसा फोडून सांगत होते तेव्हा हलली नाही ती सोसायटी त्याच्या एका फोनने हलली.

पाऊस गेल्यावर हिरवळ उखडली. तिच्या कुजक्या वासाच्या गुंडाळ्या इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लावून ठेवल्या. घंटागाडीवाल्याने हात लावायला नकार दिला. मग एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून काळा धूर आत आला. बघते तर वॉचमन एका गुंडाळीला काडी लावून बाजूला उभा. मी न्हाणीघरातली बादली उचलली. कपडे खळबळलेलं पाणी मी टाकून देत नाही, संडासाला वापरते. ती भरली बादली घेऊन खाली धावले आणि आगीवर ओतली. पुन्हा वर गेले, दुसरी आणली.

चेअरमन ओरडत आला. "कुणी सांगितलं विझवायला?"

"प्लास्टिक जाळताय तुम्ही. भिंतीपलीकडे चाळ आहे, त्या माणसांनी काय धूर खायचा?"

"मग तुम्हीच न्या हा कचरा डोक्यावरून!"

"ज्याने आणला त्याने न्यावा."

"ही बाई वेडी आहे," तो जमलेल्या लोकांना म्हणाला. पण तोवर चाळीतली माणसं खोकत भिंतीपाशी आली होती. एक म्हातारा भिंतीवरून वाकून म्हणाला, "ओ चेअरमन, आता पुन्यांदा काडी लावलीत ना, तर आमी समदी नगरपालिकेत जाऊन बसू." माझ्यावर ओरडणाऱ्या चेअरमनने त्याला मात्र हात जोडले.

शेवटी त्याने टेंपो बोलावला. मागे गुंडाळ्या, पुढे ड्रायव्हरशेजारी चेअरमन. भंगारवाल्याकडे देतो, म्हणाला. नंतर पळसदरीच्या रस्त्याला ओढ्याकाठी तसलंच हिरवं काहीतरी पडलेलं मी बघितलं. ते आमचंच असेल असं छातीठोक सांगता येत नाही. पण माझ्या मनात शंका नाही.

गच्चीचं वॉटरप्रूफिंग झालं आणि तिच्यावर काही अंथरायचं नाही, असं कंत्राटदाराने बजावलं. कुलूप गेलं. मी कुणाला न विचारता नवीन दोरी आणली आणि बांधली. काही दिवसांनी समोरची बादली घेऊन वर आली. माझ्या दोरीची अर्धी लांबी रिकामी होती. ती दाराशीच थांबून म्हणाली, "थोडी जागा देतेस?"

"नाही," मी म्हटलं.

ती तशीच खाली गेली. दुसऱ्या दिवशी स्वतःची दोरी घेऊन आली आणि टाकीच्या पलीकडे बांधली. मला वाईट वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

आता चेअरमनने नवीन प्रस्ताव आणलाय. गच्चीवर सोलर बसवायचं, म्हणजे सगळ्यांच्या अंघोळीचं पाणी उन्हावर तापेल. उन्हाचं महत्त्व तो हल्ली मलाच ऐकू जाईल अशा आवाजात लोकांना समजावून सांगतो. प्रस्ताव चांगला आहे. मी हात वर करणार आहे. अट एवढीच घालणार आहे की पॅनेल उत्तरेच्या कोपऱ्यात, दोऱ्या सोडून बसवायचे, आणि ते कागदावर लिहून घेतल्याशिवाय खाली बसणार नाही. त्या माणसाच्या शब्दावर माझा विश्वास नाही.