तिसरी तार

पिंप्राळ्यात आमच्या घरी कॉम्प्युटर दुरुस्त करायला तो एकदाच आला. नाव मी विचारलं नाही. मुलगी अनवाणी पाय कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्याला टेकवून अभ्यास करायची. तिला मुंग्या यायच्या, फरशी पुसताना ओला हात लागला की मलाही यायच्या. सासूबाई म्हणायच्या, "यान्हामा देव शे," आणि डब्याला कुंकू लावायच्या.

त्यानं ताप बघावा तशी हाताची मागची बाजू पत्र्याला टेकवली.

"तळहात का नाही लावला?" मुलीनं विचारलं.

"तळहात आवळला जातो, बेटा. मग सोडता येत नाही."

त्यानं मेन स्विच बंद करून भिंतीतला बोर्ड उघडला. अर्थिंगची तिसरी तार आतच संपली होती, कुठंच जोडलेली नव्हती. त्यानं तारेचं ते मोकळं टोक मला दाखवलं.

"पॉवर सप्लायमधला थोडा करंट पत्र्यावर येतो, ताई. त्याला जमिनीत जायला वाट लागते. या घरात ती वाट तुम्ही दोघी होता. आज नुसत्या मुंग्या येतात. आत काही जळालं, तर पोरगी हाती लागायची नाही."

त्यानं अंगणात सळई ठोकून तार जोडली आणि मेन स्विच पुन्हा चालू केला. सासूबाईंनी भीत भीत डब्याला बोट लावलं.

"देव चालना गया," त्या म्हणाल्या.

"गेला नाही आजी, खाली उतरला," तो म्हणाला, पण हसला नाही.

परक्या माणसाशी बोलायला माझी जीभ उचलत नाही. त्याची गाडी गल्लीतून वळेपर्यंत मी दारात उभी होते. मला एवढंच विचारायचं होतं, की इतके दिवस जे आमच्यातून गेलं, ते जाताना आमचं काही घेऊन गेलं का?