कोनाचं हाय हे?

"कोनाचं हाय हे?" कागदावर बोट टेकवून सर एवढंच विचारायचे, आणि समोरच्याची बोबडी वळायची. आमच्या वऱ्हाडी मालेगावात त्यांच्या हाताखाली पीएच.डी. केलेल्या कोणालाही विचारा, हे बोट त्याला अजून स्वप्नात दिसतं.

एका लग्नात पत्रिकेवरच्या चार ओळी वाचून त्यांनी वरबापाला हाच प्रश्न केला. तो बिचारा म्हणाला, "सर, माह्याच पोराचं हाय, जेवून जा!" सर जेवले, पण ओळी कोणाच्या हे काही कळलं नाही म्हणून दिवसभर हळहळत राहिले.

माझा विषय आठवडी बाजार. पहिलं प्रकरण मी मोठ्या ऐटीत नेऊन दिलं. तळाशी लिहिलं होतं, 'गूगलवरून साभार'. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"गूगल तुह्या मामाचा पोरगा हाय काय वं? त्यानं फकस्त वाट दाखोली. स्टँडवर कोनी मेडशीची गाडी दाखोली, तं तो मेडशीचा सरपंच होते काय?"

मग समोर बसवून त्यांनी शिकवलं. आधी लिहिणाऱ्याचं नाव, मग लेखाचं शीर्षक, संकेतस्थळ, लेख टाकल्याची तारीख, पानाचा पूर्ण पत्ता आणि शेवटी आपण ते पान पाहिल्याची तारीख. ही शेवटची तारीख कायले, असं मी विचारलं. सर म्हणाले, "पुस्तक कपाटातून उठून जात नाही. हे पान आज हाय, उद्या नाही. आपन कवा पायलं ते तं सांगा लागन नं!"

सगळं जमलं, एक पान सोडून. मेडशीच्या बाजारावरचा ब्लॉग होता. कोणता दुकानदार कोणत्या झाडाखाली बसायचा, मिरचीवाली गिऱ्हाइकाशी कशी भांडायची, सगळं इतकं जिवंत की माझं अर्धं प्रकरण त्यावर उभं होतं. लिहिणाऱ्याचं नाव मात्र नव्हतं, नुसतं 'मेडशीकर'. नियमाप्रमाणे तेवढं टोपणनाव चाललं असतं. कायम नोकरीची माझी मुलाखत तोंडावर आलेली, त्याआधी प्रबंध जमा झाला नाही तर जागा हातची जाणार. आणि सर सही करेनात!

"सर, चालते नं टोपणनाव!"

"चालते. पन मानूस पाच-सात कोसावर असून आपन त्याले विचारू नाही, हे मले चालत नाही. बस गाडीवर."

मोटारसायकलवर मागे बसून मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. मेडशीत चौकात विचारलं, पानटपरीवर विचारलं. शेवटी शाळेजवळच्या एका घरात आम्हाला पाठवलं. दारात एक म्हातारी बाई आल्या. ब्लॉग त्यांच्या नवऱ्याचा. निवृत्त मास्तर. वारून वर्ष झालं होतं.

"घरचे म्हनत, बुढा मोबाइलवर काय खेळून राह्यला," बाई म्हणाल्या. "त्याइचं नाव विचारत कोनी आलं नाही आजवर. तुमीच पयले."

सरांनी मास्तरांचं नाव दोनदा विचारून घेतलं, बाईंना वाचून दाखवलं आणि मगच खिशात पेन ठेवलं. परतल्यावर 'मेडशीकर'च्या जागी मी मास्तरांचं नाव लिहिलं. दुसऱ्याच दिवशी सही झाली. प्रबंध वेळेत गेला, नोकरीही लागली. मास्तरांचं नाव असलेलं संदर्भांचं पान सरांनी स्वतः मेडशीला बाईंना नेऊन दिलं.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. मी बाईंना फोन केला. एवढ्या उन्हात त्या येतील असं वाटलं नव्हतं, पण एसटीने सरांच्या घरी आल्या. पिशवीतून त्यांनी ते पान काढलं. लॅमिनेशन केलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. सरांच्या फोटोला टेकवून ठेवलं.

मास्तरांचा ब्लॉग आता उघडत नाही. मी त्या सकाळीच बघितलं होतं. बाईंना सांगायचा धीर झाला नाही.

सरांच्या बायकोने रडून सुजलेले डोळे पुसले, वाकून पानाकडे पाहिलं आणि विचारलं, "कोनाचं हाय हे?"

बाईंनी एका ओळीवर बोट टेकवलं.

"माह्या मालकाचं."