सख्खं भावंड शोधणारे चाचा

"सख्खी भावंडं किती?"

रक्तपेढीच्या खिडकीतून कुणी सिकलसेलचा कागद आत सरकवला की चाचा नावाच्याही आधी हे विचारायचे. विचारताना एक पाय टेबलाबाहेर, उत्तर मिळालं की लगेच कुठंतरी निघायचं असल्यासारखा. समोरची आई गोंधळायची. आपण रक्ताची पिशवी मागतोय आणि हा माणूस घरातली पोरं कशाला मोजतोय?

मी नांदेडला त्यांच्या हाताखाली तंत्रज्ञ म्हणून लागले, तेव्हा त्यांची तिथे वीसेक वर्षं झाली होती. मूळचे देगलूरचे. मला 'बेटा' म्हणायचे, पण काही चुकलं की 'मॅडम'. 'मॅडम' कानावर आलं की मी काचपट्टी पुन्हा पहिल्यापासून करायला घ्यायचे. खुर्ची त्यांना जणू माहीतच नव्हती. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं. सूक्ष्मदर्शकातसुद्धा वाकून बघायचे आणि बघता बघता बोटांनी टेबल वाजवायचे.

सिकलसेलची मुलं किनवट-माहूरकडून यायची. त्यांच्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. मग हातापायांची हाडं कुणी आतून फोडत असल्यासारखी दुखतात. चाचा त्या पेशींना 'विळे'च म्हणायचे.

"आपण नुसतं रक्त भरून राहिलो, बेटा. कारखाना तोच हाय. हाडातला मगज बदलला तरच खरं."

तो मगज, म्हणजे अस्थिमज्जा, सख्ख्या भावाबहिणीचा जुळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तरी चारात एखाद्याचाच जुळतो. म्हणून तो प्रश्न. बहुतेकांच्या घरात जुळणारं कुणी निघायचं नाही. तसा कागद आला की चाचा स्वतः खिडकीबाहेर जाऊन त्या आईला सांगायचे. आत आल्यावर मग तासभर विनाकारण रॅकवरच्या बाटल्या इकडच्या तिकडं करायचे.

हे खूळ कधीपासूनचं, असं मी एकदा विचारलं. भूकंपाच्या वेळी त्यांना रक्ताच्या पेट्या घेऊन किल्लारीकडं पाठवलं होतं. तिथं एका तंबूत यादी करणारा कारकून प्रत्येक लेकराला विचारत होता, सख्खं कुणी राहिलं का? एका मुलीनं नुसतं दगडांच्या ढिगाकडं बोट दाखवलं.

"ज्याला हाय, त्यानं तरी वेळेवर हाक मारावी की न्हाई?" एवढं बोलून चाचा उठले. उठले म्हणजे काय, उभेच होते, चालू लागले.

माहूरजवळच्या एका वाडीतली सरिता लहानपणापासून आमच्याकडं रक्त घ्यायला यायची. दहावीला चांगले मार्क पडले, तशी डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरला क्लासला गेली. तेव्हा लातूरच्या गल्लीगल्लीत क्लासच्या पाट्या होत्या आणि पोरंपोरी सकाळी सहापासून पाठीवर दप्तर घेऊन पळत असायची. सरिताला पळणं जमायचं नाही. दोनदा ती चाचणीचा पेपर अर्धा टाकून पाय धरून बाहेर आली. तिसऱ्यांदा थेट आमच्या खिडकीशी.

"चाचा, मला तीन तास सलग बसायचंय. पेपर पुरा होईस्तोवर. एवढंच."

तिला एकच सख्खा भाऊ, तिच्याहून चार वर्षांनी मोठा, गजानन. पण त्याचं रक्त तपासायच्या आधीच तो भांडून घर सोडून गेला होता. धर्माबादला मिरचीच्या बाजारात पोती उचलतो, एवढंच आईला माहीत होतं. चाचांनी रजेचा अर्ज खरडला आणि मला म्हणाले, "चल बेटा. पोरगं मला एकट्याला बघून पळंल."

धर्माबादच्या त्या बाजारात आम्ही दोघं इतकं शिंकलो की गजानन सापडण्याआधी त्यालाच आम्ही सापडलो. कोण पाहुणे शिंकताहेत म्हणून तो बघायला आला होता. चाचांनी डोळे पुसत पुसत सगळं सांगितलं.

तो ऐकून घेऊन म्हणाला, "लहानपणापास्नं तिचंच चालू हाय. ती दवाखान्यात, माय तिच्याजवळ, बाप तिच्या मागं. मला कावीळ झाली तवा मी शेजाऱ्याकडं जेवत व्हतो. आता माझं हाडबी तिलाच पायजे?"

मला वाटलं, चाचा आता समजुतीचं काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "बरोबर हाय तुझं."

आणि गेलेच नाहीत. दिवसभर तो पोती उचलत होता आणि हे मिरचीच्या ढिगांमधून येरझारा घालत होते. मध्येच थांबून सांगायचे. सुई कंबरेच्या हाडात घालतात. भूल देतात. चार दिवस दुखतं. काढलेला मगज काही आठवड्यांत पुन्हा भरतो, माणूस अधू होत नाही. गजानन ऐकत नसल्यासारखा ऐकत होता.

संध्याकाळी एसटीपर्यंत सोडायला आला. बस सुरू झाल्यावर खिडकीला हात लावून म्हणाला, "तपासायपुरतं देतो. फुडचं फुडं."

जुळलं. पूर्ण जुळलं.

मग घरचेच अडले. मगज मुंबईला बदलणार होते; तिथल्या डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. आधी कडक औषधांनी सरिताचा स्वतःचा मगज रिकामा करावा लागणार. पुढं मूल होईल की नाही, सांगता येत नाही. बाप म्हणाला, "आता निदान जिवंत तरी हाय." सरितानं सरळ चाचांना विचारलं, "जीव जाऊ शकतो?"

"जाऊ शकतो," चाचा म्हणाले. "तूच ठरव. मी हाव म्हणणार न्हाई, नको बी म्हणणार न्हाई."

तिसऱ्या दिवशी तिनंच बॅग भरली. मगज द्यायला गजाननही बरोबर निघाला.

त्याचा मगज तिला चढवल्यावर पुढचे काही आठवडे चाचा आमच्यात असून नव्हते. रोज सकाळी गजानन मुंबईहून फोनवर तिच्या पांढऱ्या पेशींचा आकडा सांगायचा; तो वाढला म्हणजे नवा मगज धरला. शून्याच्या आसपास, मग थोडा वर. एका सकाळी फोन आलाच नाही. चाचांनी सूक्ष्मदर्शकाचं एकच भिंग चार वेळा पुसलं. माझ्यावर उगाच ओरडले आणि मग उगाच माझ्यासाठी चहा आणला. दुपारी गजाननचा आवाज आला, "ताप हाय. अंगावर चट्टे उठलेत. नवा मगज तिच्याशी भांडतोय म्हणतेत." मग म्हणाला, "चाचा, आमचं भांडण तिथंबी गेलं का हो?"

चाचा फोन कानाला लावून नुसते फिरत राहिले.

ताप उतरायला बारा दिवस लागले.

वर्षानंतर भाऊबहीण आमच्या रक्तपेढीत आले. चाचांनी सरिताचं रक्त स्वतः घेतलं, स्वतः तपासलं, आणि मला हाक मारली. तिचा गट आयुष्यभर बी पॉझिटिव्ह होता. काचपट्टीवर आता ए पॉझिटिव्ह दिसत होता. भावाचा. मगज त्याचा, म्हणून रक्तही त्याचंच तयार होत होतं.

"अन् एकबी विळा न्हाई," चाचा म्हणाले.

सरिता स्वतःच्या हाताकडं बघत राहिली. "म्हंजे माझ्यात आता दादा हाय?"

"हाव," गजानन म्हणाला. "पर अभ्यास तुलाच करावा लागंल."

पुढं तिनं पेपर दिला, शेवटच्या घंटेपर्यंत बसून. डॉक्टरकीला मार्क कमी पडले. फार्मसीला गेली.

चाचा निवृत्त होऊन देगलूरला गेले आणि सहा महिन्यांत, बाजारातून भाजी घेऊन येताना, रस्त्यातच गेले. बातमी कळताच मी निघाले. पोचले तर सरिता आणि गजानन माझ्याआधी आलेले. गजाननानं खांदा दिला. आम्ही दोघी बायकांमध्ये थांबलो.

कब्रस्तानातून तो परतला तेव्हा हाताला ओली माती होती. सरितानं तांब्यानं त्याच्या हातावर पाणी घातलं. मग सहाची बस चुकंल म्हणून निघाले. मी दारात उभी राहून बघत होते. ती झपाझप पुढं, तो दहा पावलं मागं.

"हळू चाल की गं," तो ओरडला.

ती काही हळू झाली नाही.