आधी धातू, मग देह

माझे बाबा गिरणीच्या रंगखात्यात शेड जुळवायचे. नमुन्याचा तुकडा आणि कुंडातून निघालेलं कापड खिडकीपाशी उजेडात शेजारी शेजारी धरायचं आणि पास की नापास ते सांगायचं. गिरणी बंद पडून कैक वर्षं झाली, पण ती नजर काही रिटायर झाली नाही. माझा ड्रेस धुण्यात किती विटला तेही अजून तेच सांगतात, मी न विचारता. असा माणूस म्हातारपणी किमयेच्या नादाला लागला यात खरं तर नवल नव्हतं.

नाद लागला आईमुळे. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिस सुरू झालं आणि डॉक्टर म्हणाले, आता बरं होणं नाही, सांभाळणं आहे. सांभाळणं बाबांना मानवलं नाही. त्यांनी रसशास्त्राची जुनी पुस्तकं पैदा केली. पारा बांधायचा, तांब्याचं सोनं करायचं आणि त्याच पाऱ्याने माणसाचा देह न झिजणारा करायचा, हे त्या जुन्या किमयागारांचं स्वप्न. "येडे नव्हते गो ते," बाबा मला सुनवायचे. "अर्क काढायची भांडी, भट्ट्या, जस्त गाळायची विद्या, सगळं त्यांचं. आमचं रंगखातं त्यांच्याच पोटचं." ते काही खोटं नव्हतं. पण त्यातले कितीजण पाऱ्याच्या वाफेनेच गेले असतील, असं मी म्हटलं की बाबांना नेमकं कमी ऐकू यायचं.

लालबागच्या आमच्या चाळीच्या गच्चीवर सिगडी गेली, सोनाराकडची मूस गेली, भात्याऐवजी माझा हेअर ड्रायर गेला. खलात पारा आणि गंधक घोटून काळीभोर पूड तयार झाली आणि तिची बाटली आईच्या गोळ्यांशेजारी येऊन बसली. त्या बाटलीने माझा जीव टांगणीला लावला. ऑफिसातून मी उगाच फोन करायची, आईने काय खाल्लं म्हणून. डॉक्टरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. चिमूटभर पोटात गेली तरी जिवावर बेतेल, म्हणाले. मी ती फेकून दिली असती, पण बाबांनी दुसरी केली असती आणि ती मला दाखवली नसती.

एकच आधार होता. त्या शास्त्राचा दंडक असा की औषध आधी धातूवर पारखायचं, मग देहावर. तांबं पालटत नाही तोवर आईला कणभरही द्यायचं नाही. बाबा दंडक मोडणार नाहीत याची मला खात्री होती. शेड पास झाल्याशिवाय त्यांनी कधी तागा पुढे सोडला नव्हता. आणि तांबं थोडंच पालटतंय! या भरवशावर मी दिवस ढकलत होते.

एका रविवारी तांबं पिवळं झालं. त्या खेपेला बाबांनी पुडीबरोबर मुशीत खापरी नावाचा खनिज दगड कुटून घातला होता. ते जिना उतरून आले ते जवळजवळ धावतच. आई खिडकीत बसली होती. तिच्या सोन्याच्या बांगडीशेजारी त्यांनी तो तुकडा धरला, मान तिरकी केली, डोळे बारीक केले.

"पास," ते म्हणाले. "उद्या सकाळी मधातून सुरू करू."

मी वाकून बघितलं, तर शेड खरंच जुळत होती. आई हसली.

"बाबा, आधी कसाला लावून बघू या ना," मी म्हटलं. वाटलं, आता भडकतील.

"लाव की! माझो माल खयंय पास होतलो."

नाक्यावरच्या सोनाराने तुकडा कसोटीच्या काळ्या दगडावर घासला. सुरेख पिवळी रेघ उमटली. त्याने रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला, तशी ती हिरवट फेसाळली आणि नाहीशी झाली. "पितळ आहे, काका," तो म्हणाला. खापरीतलं जस्त तांब्यात उतरलं होतं, काळ्या पुडीचा त्यात काही हात नव्हता.

बाबांनी तुकडा उचलून पुन्हा उजेडात धरला. "शेड तर बरोबर होती," ते म्हणाले. मला इतकं सुटल्यासारखं झालं की दुकानातच रडू फुटलं असतं.

घरी येताच त्यांनी बाटली फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. "मोरीत ओतू नको. कुठे टाकायची ते तुझ्या डॉक्टरला विचार," म्हणाले आणि आईकडे न बघता आत गेले.

आई अजून खिडकीतच होती. संकट टळल्याचं सांगायला मी तिच्याजवळ टेकले, तर तिनेच विचारलं, "सोनार काय म्हणालो गो?"

"पितळ निघालं, आई."

तिने मान हलवली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे आता माका कायच नाय?"